निकोप करमणुकीची वेगळी पंगत

१ ऑगस्ट २०२५ रोजी एकाहत्तराव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची घोषणा झाली आणि आमच्या प्राध्यापक-कक्षात नेहमीप्रमाणे दोन तट पडले. हे पुरस्कार २०२३ सालच्या चित्रपटांसाठीचे. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान 'ट्वेल्थ फेल'मधील भूमिकेसाठी विक्रांत मॅसी आणि 'जवान'मधील भूमिकेसाठी शाहरुख खान यांना विभागून देण्यात आला होता. एका तटाचे म्हणणे असे की, 'जवान'सारख्या मसालापटासाठी राष्ट्रीय पुरस्कार देणे म्हणजे पुरस्काराचीच किंमत उतरवणे. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की, ज्या नटावर कोट्यवधी लोकांनी तीन दशके जीव टाकला, त्याला हा मान इतक्या उशिरा मिळावा हीच नामुष्की आहे. चहा संपेपर्यंत वाद रंगला. तो ऐकताना आम्हांला एक गोष्ट जाणवली. 'जवान'मध्ये या नटाने नेमके काय केले आहे, दुहेरी भूमिकेतील बाप आणि मुलगा त्याने आवाजाने, चालीने, देहबोलीने कसे वेगळे काढले आहेत किंवा काढलेले नाहीत, याबद्दल दोन्ही तटांपैकी कोणीही चकार शब्द काढला नाही. एकाला लोकप्रियता हा गुन्हा वाटत होता, दुसऱ्याला ती गुणपत्रिका वाटत होती. अभिनयाबद्दल कोणी बोलतच नव्हते.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोघेही चाळिशीतले, दोघेही मराठीचे एम.ए.; अभिरुचीच्या बाबतीत मात्र आमचे गोत्र वेगळे. एकाचे बालपण तालुक्याच्या गावी, गणेशोत्सवात चौकात बांधलेल्या पडद्याच्या उलट्या बाजूला बसून चित्रपट पाहण्यात गेले. दुसरीने शहरात राहून दूरदर्शनवर रविवारी दुपारी लागणारे प्रादेशिक भाषांतले पुरस्कारप्राप्त चित्रपट, घरातील बाकी सगळे झोपलेले असताना, एकटीने पाहिले. त्या काळी दूरदर्शननेच जणू ही विभागणी करून ठेवली होती: दुपार मान्यवरांची आणि संध्याकाळ लोकांची. 'लोकप्रिय करमणूकप्रधान चित्रपटांना प्रतिष्ठेचे पुरस्कार द्यावेत का?' या प्रश्नाचे आमचे पहिले उत्तर म्हणूनच एकसारखे नव्हते. हा लेख लिहिता लिहिता ते पुष्कळसे एक झाले. कसे, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

२०२५ च्या त्याच यादीत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून सुजय डहाके यांच्या 'श्यामची आई'चे नाव होते. मराठी वाचकाला त्यावरून दुसरी 'श्यामची आई' आठवणे अपरिहार्य आहे. १९५४ साली राष्ट्रीय पुरस्कार प्रथमच दिले गेले, तेव्हा १९५३ सालचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले ते आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला. त्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' स्पर्धेत होता आणि त्याला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. या निवडीबद्दल आजही मतभेद होऊ शकतात. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, पहिले सुवर्णपदक पटकावणारा चित्रपट घराघरांत पोचलेल्या पुस्तकावर बेतलेला होता, त्यातली गाणी शाळाशाळांतून म्हटली जात होती आणि तो काढणारा माणूस विनोदी नाटकांनी नाट्यगृहे भरवणारा होता. १९५७ सालच्या चित्रपटांत हेच सुवर्णपदक व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ'ला मिळाले. तोही लोकांनी गर्दी करून पाहिलेला चित्रपट. १९५५ साठी ते 'पथेर पांचाली'ला मिळाले होते. म्हणजे आरंभीच्या काळात अत्रे, शांताराम आणि सत्यजित राय एकाच पंगतीला बसले होते आणि त्यांत कोणाला विटाळ झाल्याचे ऐकिवात नाही.

वेगळी पंगत मांडली गेली ती पुढे, १९७५ सालच्या चित्रपटांपासून. त्या वर्षापासून 'निकोप करमणूक देणारा सर्वोत्कृष्ट लोकप्रिय चित्रपट' असा एक स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला. तो पहिल्यांदा मिळाला अनिल गांगुली दिग्दर्शित 'तपस्या'ला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सर्वोच्च मान त्या वर्षी शिवराम कारंत यांच्या कादंबरीवर ब. व. कारंत यांनी काढलेल्या 'चोमन दुडी' या कन्नड चित्रपटाला मिळाला, आणि तो योग्यच होता. पण १९७५ हे वर्ष आणखी कशाचे होते, हे वाचकांना सांगायला नको. 'शोले', 'दीवार' आणि 'जय संतोषी माँ' त्याच वर्षी आले. ज्या वर्षी लोकप्रियता या शब्दाने आपली सगळी कूळकथा पडद्यावर मांडली, त्याच वर्षी लोकप्रियतेसाठी मुद्दाम निर्माण केलेला पुरस्कार या तिघांना टाळून गेला. मराठीत तर त्या वर्षाचे चित्र अधिकच रेखीव आहे. डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित आणि विजय तेंडुलकर लिखित 'सामना' हा त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. दादा कोंडके यांचा 'पांडू हवालदार'ही १९७५ चाच. एकावर आजवर परिसंवाद होतात. दुसऱ्यातले प्रसंग लोक एकमेकांना सांगतात.

मुळात त्या पुरस्काराच्या नावातच सगळी मेख आहे. 'लोकप्रिय' या विशेषणाशेजारी 'निकोप' हे दुसरे विशेषण पहारेकऱ्यासारखे उभे केले आहे. 'सर्वोत्कृष्ट चित्रपट' या मुख्य पुरस्काराला तसा पहारेकरी लागत नाही. तो चित्रपट निकोप आहे का, असे कोणी विचारत नाही. तो उत्तम आहे का, एवढेच विचारतात. लोकप्रिय चित्रपटाकडून मात्र आधी चारित्र्याचा दाखला मागायचा. आणि तो दाखला तरी कोणत्या कसोटीवर? पुढे याच पुरस्काराच्या यादीत 'हम आपके हैं कौन', 'लगान', 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.', 'चक दे इंडिया' यांच्या रांगेत २०१० सालचा 'दबंग'ही जाऊन बसला. 'दबंग' आम्ही दोघांनीही आवडीने पाहिला आहे. पण तो ज्या अर्थाने निकोप ठरतो, त्याच अर्थाने दादा कोंडके सदोष कसे ठरतात, हे कोणी समजावून सांगावे.

गंमत अशी की, आपल्याकडे १९७५ पासून चालत आलेली ही युक्ती अमेरिकेत २०१८ साली नव्याने सुचली. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात लोकप्रिय चित्रपटासाठी वेगळा पुरस्कार सुरू करण्याची घोषणा केली. तिच्यावर इतकी टीका झाली की सप्टेंबरातच तो बेत पुढे ढकलावा लागला. टीकाकारांचा मुख्य मुद्दा साधा होता: वेगळा पुरस्कार दिला की, 'तुम्ही मुख्य पुरस्काराच्या लायकीचे नाही' हेच आदराने सांगितल्यासारखे होते. याच अकादमीने १९९८ साली 'टायटॅनिक'ला आणि २००४ साली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मालिकेच्या तिसऱ्या भागाला प्रत्येकी अकरा पुरस्कार दिले होते. २०१० साली तिने प्रचंड गल्ला जमवणाऱ्या 'अवतार'ला बाजूला ठेवून तुलनेने लहान अशा 'द हर्ट लॉकर'ला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवले. हे निर्णय बरोबर होते की चूक, हा वेगळा मुद्दा. पण तिन्ही वेळा मोठा आणि लहान चित्रपट एकाच तराजूत तोलले गेले, हे महत्त्वाचे.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे आपल्या अंगणात डोकावावेसे वाटते. साहित्य अकादमीने 'लोकप्रिय पुस्तका'साठी वेगळा पुरस्कार कधी ठेवला नाही. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'ला १९६० साली अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पुढे १९७४ चे ज्ञानपीठही खांडेकरांकडे आले. त्याआधी आणि त्यानंतर 'ययाति'च्या आवृत्त्या निघतच होत्या. रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६४ साली आणि पु. ल. देशपांडे यांचे 'व्यक्ती आणि वल्ली' १९६५ साली अकादमीच्या यादीत आले. या पुस्तकांना वाचकांची कमतरता कधीच भासली नाही. म्हणजे लोकप्रियता आड येत नाही, असे म्हणावे, तर लगेच बाबूराव अर्नाळकर आणि सुहास शिरवळकर ही नावे समोर येतात. हजारांहून अधिक रहस्यकथा लिहून दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावणारे अर्नाळकर आमच्या वाङ्मयेतिहासात तळटीपेपुरते असतात. शिरवळकरांची 'दुनियादारी' आमचे विद्यार्थी वसतिगृहात फाटेपर्यंत वाचतात आणि वर्गात तिचे नाव काढत नाहीत. तेव्हा साहित्यातही सगळे आलबेल आहे असे नाही. फरक एवढाच की, येथे कोणाला वगळायचे ते गुपचूप ठरते, आणि चित्रपटात त्यासाठी एक पदक तयार केलेले आहे.

या सगळ्याला एक भक्कम उत्तर आहे आणि ते आम्ही टाळणार नाही. ते उत्तर असे की, पुरस्कार हा केवळ गौरव नसतो. लहान चित्रपटासाठी तो प्राणवायू असतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला मार्च २०१५ मध्ये सुवर्णकमळ जाहीर झाले आणि एप्रिलमध्ये तो चित्रपटगृहांत आला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला २०१६ सालचे सुवर्णकमळ मिळाले, तरी तो प्रदर्शित व्हायला २०१७ चा ऑक्टोबर उजाडला. २००३ साठीचे सुवर्णकमळ मिळवणाऱ्या 'श्वास'ने तर मराठी चित्रपटाची मरगळच झटकली. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला हा मान मिळाला होता. अशा चित्रपटांना मोठे तारे नसतात, जाहिरातीला पैसा नसतो, चित्रपटगृहे मिळत नाहीत. त्यांच्या वाट्याचे पदक शंभर कोटींचा गल्ला जमवणाऱ्या चित्रपटाला द्यायचे, म्हणजे भरल्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढायची आणि उपाशी माणसाला ढेकर ऐकवायची.

आमच्यापैकी रविवारच्या दुपारी एकटीने चित्रपट पाहणारी जी, तिचा हाच मुद्दा होता आणि तो खोडून काढणे दुसऱ्याला जमले नाही. पण या मुद्द्यातून निघतो तो निष्कर्ष वेगळा आहे, असे आम्हां दोघांनाही आता वाटते. गरज आणि गुणवत्ता ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. गरजेसाठी अनुदान असावे, राखीव खेळ असावेत, दूरदर्शनवर हक्काची वेळ असावी. महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना दर्जा ठरवून अनुदान देते, ती व्यवस्था सुधारता येईल. परंतु पुरस्काराने गरज पाहायला सुरुवात केली की तो मदतनिधी होतो, आणि मदतनिधीतून मिळालेल्या पदकाने 'कोर्ट'चाही मान वाढत नाही. 'कोर्ट'ला पदक मिळाले ते तो गरीब होता म्हणून नाही. सत्र न्यायालयातली ती कंटाळवाणी, थंड, माणसाला हळूहळू दळणारी लय ताम्हाणे यांनी अचूक पकडली, म्हणून मिळाले. हे आपण नीट सांगू शकतो. लोकप्रिय चित्रपटाबद्दल असे काही सांगता येत नाही, हीच खरी अडचण आहे. आणि ही अडचण परीक्षक मंडळाच्या आधी आमच्यासारख्यांच्या वर्गात तयार होते.

काही वर्षांपूर्वी आम्ही द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकाच आठवड्यात दोन चित्रपट दाखवले: 'कोर्ट' आणि 'अशी ही बनवाबनवी'. दोहोंवर लिहायला सांगितले. 'कोर्ट'वर मुलांनी चार-चार पाने लिहिली. 'वास्तववाद', 'व्यवस्था', 'अनलंकृत शैली' हे शब्द जागच्या जागी होते. 'बनवाबनवी' त्यांतल्या बहुतेकांना संवादांसकट पाठ होता. खोलीतला पंखा बंद पडला तरी त्यातले वाक्य म्हणणारी ही मुले. पण लिहायची वेळ आली तेव्हा अर्ध्या पानापलीकडे कोणाची मजल गेली नाही. एका मुलीच्या वहीत एक वाक्य होते: "हा माझा सर्वात आवडता चित्रपट आहे, पण तो चांगला नाही हे मला माहीत आहे."

त्या वाक्याने आम्ही दोघेही अस्वस्थ झालो. 'आवडता' आणि 'चांगला' यांच्यामध्ये ही भिंत कोणी घातली? त्या मुलीच्या घरी आई-वडील, आजी आणि ती असे सगळे मिळून हा चित्रपट पाहतात. तिघांच्या तीन पिढ्या एकाच ठिकाणी हसतात. आणि हे हसणे लाजिरवाणे आहे, हे ती शिक्षणाने शिकली. आपल्या माणसांच्या आनंदाला कमी लेखायला शिकवणारे शिक्षण साहित्याचे असेल, तर त्या साहित्याचे काय करायचे?

पुढच्या तासाला आम्ही फळ्यावर एक तक्ता काढला. या चित्रपटात कोणाला कोणते गुपित ठाऊक आहे? प्रेक्षकाला सगळे ठाऊक. घरमालकीण लीलाबाईंना काहीच नाही. चौघा मित्रांना सगळे, पण एकमेकांसमोर वेगवेगळे वागावे लागणारे. नायिकांना अर्धेमुर्धे आणि तेही चुकीचे. प्रत्येक नवे पात्र दारातून आत येते तेव्हा हा सगळा हिशेब बदलतो. हे नाट्यात्म उपरोधाचे किती कसलेले उदाहरण आहे, ते मुलांना दिसू लागले. मग भाषेकडे वळलो. मराठीत क्रियापदाला लिंग असते. साडी नेसलेल्या पुरुषाला 'मी आलो' म्हणायची सवय आणि 'मी आले' म्हणायची सक्ती. म्हणजे त्याचे प्रत्येक वाक्य हा एक धोका. या चित्रपटाची कथा हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ सालच्या 'बीवी और मकान'वरून आली आणि त्याचे मूळ बंगाली नाटकात. पण बंगालीत क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. तेव्हा व्याकरणातच फसगत दडलेली असण्याचा हा गुण मूळ कथेबरोबर आलेला नाही. ज्या भाषांत ती पुढे गेली त्या भाषांनी तो दिला, आणि मराठीत तो वसूल केला तो संवाद लिहिणाऱ्याने. तो तास संपल्यावर मुले जागची हलली नाहीत. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग हे आपल्याला अभ्यासाला का नाही?"

प्रश्न रास्त होता, कारण तो संवाद लिहिणारा माणूस अभ्यासाला आहे. वसंत सबनीस. त्यांचे 'विच्छा माझी पुरी करा' वगळून आधुनिक लोकनाट्याबद्दल बोलताच येत नाही. वगाची परंपरा, बतावणी, शब्दांतली दुहेरी पकड, राजसत्तेची टिंगल हे सारे आम्ही त्या वगाच्या आधारे शिकवतो. 'विच्छा'ने दादा कोंडके यांना नट म्हणून घडवले. त्याच सबनीसांनी १९७१ च्या 'सोंगाड्या'ची पटकथा लिहिली आणि १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'चेही लेखन केले. एकाच लेखणीतून उतरलेला एकाच जातीचा विनोद. रंगमंचावर असेतो तो वाङ्मय, पडद्यावर गेला की करमणूक.

आमच्या एका विद्यार्थिनीने हा धागा पकडून संशोधनाचा आराखडा तयार केला होता: सबनीसांच्या वगातली आणि चित्रपटांतली संवादभाषा. ज्या समितीपुढे तो गेला, तिने 'चित्रपटांच्या भागाला वाङ्मयीन मूल्य नाही' असा शेरा मारून तो परत पाठवला. विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती अडकली होती, घरून लग्नाची घाई होती, वाद घालायला तिच्याजवळ वेळ नव्हता. तिने चित्रपटांचे प्रकरण काढून टाकले आणि केवळ वगावर प्रबंध पूर्ण केला. प्रबंध चांगला झाला. पण काढून टाकलेल्या प्रकरणात तिने 'सोंगाड्या'तले भोळ्या नायकाचे बोलणे वगातल्या सोंगाड्याच्या बोलण्याशी ओळीला ओळ लावून पाहिले होते. आमच्या वाचनात तरी असे काम दुसरे आलेले नाही. ती चाळीस पाने आजही तिच्या जुन्या वहीत आहेत.

अशा समित्यांतूनच पुढे परीक्षक मंडळांची दृष्टी तयार होते. लोकप्रिय चित्रपटातले कौशल्य ओळखण्याची भाषाच नसेल, तर परीक्षकापुढे दोनच वाटा उरतात: एक तर त्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, नाहीतर त्याच्या आकाराने दिपून त्याला थेट देव्हाऱ्यात बसवायचे. २०१५ सालच्या चित्रपटांच्या पुरस्कारांत या दोन्हींचा आणि तिसऱ्या, शहाण्या वाटेचाही पुरावा सापडतो. त्या वर्षी रमेश सिप्पी यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने 'बाहुबली: द बिगिनिंग'ला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवले. 'शोले'च्या दिग्दर्शकाने हा निर्णय जाहीर करावा, यात काव्यगत न्याय होता खरा. परंतु गौरवाचा भर होता तो निर्मितीच्या भव्यतेवर, पडद्यावर उभ्या केलेल्या अद्भुत सृष्टीवर. भव्यता हे परिमाण आहे, गुण नव्हे. हत्ती मोठा असतो म्हणून तो चांगला चालतो असे ठरत नाही.

त्याच मंडळाने त्याच वर्षी रिंकू राजगुरू हिच्या 'सैराट'मधील अभिनयाची विशेष दखल घेतली. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी चित्रपट कधी प्रदर्शित झाला हे पाहत नाहीत. सेन्सॉरचे प्रमाणपत्र कोणत्या वर्षी मिळाले ते पाहतात. त्यामुळे ही दखल जाहीर झाली मार्च २०१६ मध्ये, आणि 'सैराट' लोकांपुढे आला २९ एप्रिल २०१६ रोजी. पुढे जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. मराठी चित्रपटाने तोवर न पाहिलेली गर्दी त्याने खेचली. परीक्षकांनी ती मुलगी पाहिली तेव्हा ती लोकप्रिय नव्हती. तिच्या नावाने शिट्ट्या वाजल्या नव्हत्या, बुलेटवरच्या आर्चीची चित्रे भिंतींवर लागली नव्हती. त्यांच्यापुढे होता केवळ अभिनय: जमिनीवर पाय घट्ट रोवून उभी राहणारी, डोळे न झुकवणारी, आपल्याच बोलीत दरडावणारी एक मुलगी. त्यांनी तो ओळखला. नंतर लोकांनीही तोच ओळखला. पारख आणि पसंती एकाच गोष्टीवर येऊन थांबू शकतात, याचा याहून चांगला दाखला आमच्या माहितीत नाही.

'शोले'ची कथाही हेच सांगते. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला नाही. फिल्मफेअरनेही त्या वर्षी त्याला एकच पुरस्कार दिला, आणि तो संकलनासाठी, एम. एस. शिंदे यांना. तीस वर्षांनी, २००५ साली, फिल्मफेअरने 'शोले'ला पन्नास वर्षांतला सर्वोत्तम चित्रपट म्हणून गौरवले, तेव्हा ते सगळ्यांना माहीत असलेले पुन्हा सांगणे होते. त्या पहिल्या वर्षी मात्र कोणीतरी चित्रपट नीट पाहिला होता. सव्वातीन तासांच्या आसपासचा तो चित्रपट कोठेही सैल पडत नाही, याचे श्रेय कापणाऱ्या हाताचे आहे, हे त्याने हेरले होते. एका मराठी संकलकाला मिळालेले ते एकुलते पदक आम्हांला पुढच्या सगळ्या जयजयकारापेक्षा मोलाचे वाटते. ते कशासाठी दिले, हे सांगता येते.

तेव्हा लोकप्रिय चित्रपटांना प्रतिष्ठेचे पुरस्कार द्यावेत का, या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे: लोकप्रियतेसाठी देऊ नयेत आणि लोकप्रियतेमुळे नाकारूही नयेत. 'निकोप करमणुकी'ची वेगळी पंगत उठवावी. संकलन, संवाद, पटकथा, अभिनय, दिग्दर्शन यांच्या मुख्य पंगतीत सर्वांना बसू द्यावे आणि ज्याला पदक द्यायचे, त्याला ते का दिले हे परीक्षकांनी एका शोभिवंत वाक्यात न उरकता दोन पानांत लिहावे. संवादलेखनासाठी स्वतंत्र राष्ट्रीय पुरस्कार २००९ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाला. तो १९८८ साली असता तर सबनीसांचे नाव पुढे आले असते का? आले असते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करत नाही. 'आलो' आणि 'आले' यांमधल्या अंतरावर अख्खा चित्रपट उभा करणारी कारागिरी पाहायला त्या टेबलाभोवती कोणी तयार असायला हवे होते, आणि तशी नजर आमच्या विभागांतून तेव्हा बाहेर पडत नव्हती. आजही फारशी पडत नाही.

परीक्षक मंडळे आमच्या हातात नाहीत. प्रश्नपत्रिका मात्र आहेत. येत्या सत्रात लोकनाट्याच्या पेपरात आम्ही एक प्रश्न घालणार आहोत: 'विच्छा माझी पुरी करा' आणि 'सोंगाड्या' यांतील विनोदाच्या जातीची तुलना करा. त्यासाठी वाचायला द्यायचे साहित्य म्हणून ती काढून टाकलेली चाळीस पाने आम्ही त्या विद्यार्थिनीकडून मागवली आहेत. ती आता एका शाळेत शिकवते. पाने टंकलिखित करून पाठवते म्हणाली.